डेरीव्हेचं रिकामं शिवार

माझ्या घराच्या पत्त्यात घर क्रमांक नाही, गल्ली नाही, रस्त्याचं नावही नाही. माझं नाव, त्याखाली टाउनलँडचं नाव, मग लेटरकेनी आणि काउंटी डोनेगॉल. संपला पत्ता. आयर्लंडच्या वायव्य कोपऱ्यात राहायला आले त्या वर्षी आईनं चिपळूणहून पहिलं पार्सल पाठवलं, तर कुरिअरवाल्यानं पत्ता अपुरा म्हणून तिला दोनदा माघारी धाडलं. शेवटी मेतकूट आणि आमसुलं घेऊन पार्सल पोचलं. पोस्टमन दारात उभा राहून म्हणाला, "नाव काही मला वाचता आलं नाही, पण या टाउनलँडमध्ये नवीन तुम्हीच."

2015 साली इथे प्रत्येक घराला स्वतःचा कोड मिळाला. तोवर देशातल्या तीनातला एक पत्ता तरी असा होता, की तोच पत्ता शेजारच्या चार घरांचाही असायचा. एका टाउनलँडमध्ये एकाच आडनावाची पाच-सहा घरं. मग माणूस ओळखायचा कसा? बापाच्या नावावरून, ते जुळलं तर आजाच्या नावावरून. मधलं नाव लावायची जन्माची सवय असलेल्या मला हे चटकन उमगलं.

टाउनलँड या शब्दातलं 'टाउन' मात्र मनातून काढून टाकावं लागतं. इथे शहर नाही, बहुतेक ठिकाणी दुकानसुद्धा नाही. मराठीत त्याला जवळचा शब्द मला एकच सापडतो, तो म्हणजे शिवार. वस्ती, शेतं, चराऊ डोंगर, ओढा, दलदल, सगळं एका शिवेच्या आत. अशी 60,000 हून जास्त शिवारं मिळून हे बेट झालंय. सरासरी आकार सव्वातीनशे एकर. काही एकराहूनही लहान, तर मेयो काउंटीतलं शेस्किन 7,000 एकरांच्या वर. जमीन जितकी हलकी तितकं शिवार मोठं, कारण जुनं माप एकरांचं नव्हतंच. किती गुरं पोसली जातील, किती माणसं जगतील, यावर शीव ठरायची.

नावं आयरिश भाषेतली, इंग्रजी कानांनी ऐकून इंग्रजी लिपीत उतरवलेली. 'नॉक' म्हणजे टेकडी, 'किल' म्हणजे बहुतेकदा चर्च, 'डेरी' म्हणजे ओकचं रान. लेटरकेनीतल्या 'लेटर'चा पत्राशी संबंध नाही, ते 'लेटिर', म्हणजे डोंगराचा उतार. एकदा हे कळलं की रस्त्यावरची पाटी वाचताना जमीन डोळ्यांपुढे येते. झाडं केव्हाच तोडलेली असतात, नाव ओकचंच राहतं.

ही नावं कागदावर पक्की झाली ती 1824 साली सुरू झालेल्या मोजणीत. सारा बसवायचा तर कोणती जमीन कोणत्या टाउनलँडची आणि किती, हे ठाऊक हवं. म्हणून ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशाखात्यानं अख्खं आयर्लंड मैलाला सहा इंच या प्रमाणात मोजलं. शिवा दाखवायला त्या त्या गावची जाणती माणसं नेमली होती. ती पुढे चालायची आणि सांगायची, इथून ओढा धरा, तिथे त्या धोंड्यापाशी वळा. मागून मोजणीवाले. नावांचं काम जॉन ओ'डोनोव्हन या विद्वानाकडे होतं. 1835 साली तो आमच्या डोनेगॉलमध्ये म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडून उच्चार ऐकत पायी हिंडत होता.

या मोजणीचा एक धागा आपल्याकडे येतो. मोजणीची पायारेघ, म्हणजे काटेकोर मोजून जिच्यावर पुढची सगळी मापं बेततात ती रेघ, 1827-28 मध्ये लॉख फॉइल या खाडीच्या काठी आखली गेली, आमच्याकडून पूर्वेला. उन्हात धातू वाढतो आणि माप चुकतं, म्हणून मोजणीचा प्रमुख थॉमस कोल्बी यानं पितळ आणि लोखंड जोडून असे गज बनवून घेतले, की दोन्ही धातूंची वाढ एकमेकांना सावरून घेईल. हिंदुस्थानची मोठी मोजणी चालवणारा जॉर्ज एव्हरेस्ट 1829 साली आयर्लंडला येऊन ते काम पाहून गेला आणि तसलीच उपकरणं घेऊन हिंदुस्थानात परतला. कलकत्ता, डेहराडून आणि आपल्या मराठवाड्याला लागून असलेलं बीदर, इथल्या पायारेघा त्याच जातीच्या गजांनी मोजल्या. लॉख फॉइलच्या काठावर उभं राहून बीदर आठवणारी मीच पहिली असेन का, हा विचार मला फार जवळचा वाटतो.

मोजणीनंतर रिचर्ड ग्रिफिथनं जमिनीचं मूल्यांकन केलं. डोनेगॉलचे खंड 1857-58 च्या सुमाराचे. आज ते घरबसल्या पाहता येतात आणि रात्री उशिरापर्यंत मी ते वाचत बसते. सातबारा वाचत मोठी झालेली माणसं त्यात सहज रमतात. पहिल्या रकान्यात नकाशातला क्रमांक, मग कुळाचं नाव, मग ज्याच्याकडून जमीन धरली त्याचं नाव, मग वर्णन, क्षेत्र आणि आकार. वर्णनात ठिकठिकाणी 'हाउस, ऑफिसेस अँड लँड' असं येतं. पहिल्यांदा मी चक्रावले, एवढ्या डोंगरात कचेऱ्या कुठल्या? ही ऑफिसेस म्हणजे गोठा, कोंबड्यांचं खुराडं, गवताची खोपी. आणखी एक खूण मला फार बोलकी वाटते. काही पानांवर चार-पाच नावांना मिळून एकच महिरपी कंस घातलेला असतो आणि जमीन सगळ्यांची एकत्र दाखवलेली असते. मोजणीदाराला ती वेगळी करता आलेली नाही. हे सामाईक वहिवाटीचं शेत, इथे त्याला रंडेल म्हणतात. चांगल्या जमिनीचा एक तुकडा, मध्यम जमिनीचा एक, दलदलीचा एक, असं प्रत्येक घराला थोडं थोडं. वरचा डोंगर सगळ्यांचा. त्याचं माप 'एका गाईचं गवत', म्हणजे एक गाय पोसेल एवढा हक्क. बाहेरच्याला हा गोंधळ वाटे. आत राहणाऱ्याला कोणती पट्टी कोणाची हे झोपेतही ठाऊक असे.

अशाच एका पट्ट्याबद्दल मला लिहायचं आहे. डेरीव्हे. माझ्या घरापासून पश्चिमेला गाडीनं अर्धा-पाऊण तास. हे एकच शिवार नाही, गार्टनच्या परिसरातल्या लहान-मोठ्या टाउनलँडांचा तो सलग डोंगरी भाग आहे. याच गार्टनमध्ये 521 साली संत कोलमकिल जन्मला अशी श्रद्धा आहे. जमिनीचा घाटच निराळा. चाळीस कोटी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइट, त्याला गेलेला लांबलचक तडा आणि त्या तड्यातून हिमनदीनं कोरलेली दरी. नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे पट्टीनं आखल्यासारखी सरळ. तिच्यात लॉख व्हे हे लांबट, काळ्या पाण्याचं तळं. वर मऊ, ओली दलदल, ज्यातून जळणाचं पीट कापतात. पाऊस कोकणासारखा कोसळत नाही, पण बारा महिने असतो.

पहिल्यांदा गेले तेव्हा मी नुसती बघत राहिले. माणसाची खूण नसलेले डोंगर, लाल हरणांचे कळप, तळ्याच्या कडेला ओक आणि बर्चचं जुनं रान, आणि नशीब असेल तर सोनेरी गरुड. इथून नामशेष झालेले हे गरुड 2001 पासून स्कॉटलंडची पिल्लं आणून पुन्हा वसवले. तळ्याकाठी मनोऱ्यांचा करडा वाडा आणि त्याची बाग. माहितीफलकांवर, पर्यटकांच्या तोंडी एकच शब्द, निसर्ग. अनाघ्रात, रानटी निसर्ग. मीही घरी फोन करून तेच सांगितलं.

दुसऱ्या खेपेला हिवाळ्यात, दुपारी तीनच्या सुमाराला, लॉख बॅरा या दुसऱ्या तळ्याच्या बाजूनं गेले होते. ऊन अगदी आडवं आलेलं होतं. समोरच्या उतारावर एकदम रेघा उमटल्या. एकीशेजारी एक, समांतर, हातभर रुंद, कमरेएवढ्या अंतरानं. सरी-वरंबे. भर दुपारी जिथे सपाट गवत दिसलं होतं, तिथे बटाट्याचे वाफे होते, गवताखाली दीडशेहून जास्त वर्षं तसेच निजलेले. जवळ गेले तर गुडघाभर उंचीची दगडी भिंत, आत इवलीशी खोली, आडव्या भिंतीत चुलाण्याची जागा आणि दाराच्या चिऱ्यापाशी एक काटेरी पानांचं होली नावाचं झाड. त्या चिऱ्याला कडेनं गुळगुळीतपणा होता, पाय पडून पडून आलेला. मी माझा पाय त्यावर ठेवला आणि काढून घेतला. मग घरी येऊन वाचायला बसले.

जॉन जॉर्ज अडेअर हा लीश काउंटीतला, त्या काळी क्वीन्स काउंटी म्हणत, जमीनदार. मोठ्या दुष्काळानंतर कर्जात बुडालेल्या जहागिऱ्या विकायला सरकारनं 1849 साली खास न्यायालय काढलं होतं आणि आयर्लंडभर जमीन स्वस्तात हात बदलत होती. अडेअरनं 1857 नंतरच्या दोन-तीन वर्षांत गार्टन, ग्लेनव्हे (लॉख व्हेची ही दरी), डेरीव्हे असे तुकडे जोडत सुमारे 28,000 एकर गोळा केले. म्हणतात, या दरीच्या सौंदर्यानं त्याला भुरळ घातली. त्यात मी शंका घेणार नाही, मलाही घातली. पण सौंदर्याबरोबर माणसंही विकत आली होती, आणि ती त्याला नको होती.

भांडण लागलं ते आधी शिकारीच्या हक्कावरून आणि मग मेंढ्यांवरून. त्यानं स्कॉटलंडहून काळ्या तोंडाच्या मेंढ्या आणि त्यांच्याबरोबर धनगर आणून डोंगरावर सोडले. त्याच डोंगरावर, जिथे दर घराचं अमुक गाईंचं गवत होतं. गुरं हद्द ओलांडू लागली, कोंडवाड्यात जाऊ लागली, दंड बसू लागला. मेंढ्या मेल्या-हरवल्या की भरपाई परिसरातल्या रयतेवर. बऱ्याच मेंढ्या थंडीवाऱ्यानंच मेल्या असाव्यात असं पोलिसांनाही वाटत होतं. नोव्हेंबर 1860 मध्ये अडेअरचा कारभारी जेम्स मरे डोंगरावर मेलेला सापडला. खुनी कोण ते कधीच सिद्ध झालं नाही. अडेअरनं ठरवलं की सगळं शिवारच गुन्हेगार, आणि सगळ्यांनाच काढायचं.

खंड थकला म्हणून हा ताबा नव्हता. ही कुळं वर्षाच्या बोलीवर होती. डोनेगॉल ज्यात येतं त्या अल्स्टर प्रांतात कुळाच्या वहिवाटीला मान देणारी जुनी रूढी होती, पण ती रूढीच, कायद्यात बसवलेली नव्हती. मालकानं मनावर घेतलं तर त्याच्या बाजूला कोर्ट आणि हुकूम.

इथे दोन तारखा शेजारी ठेवते. रविवार, 7 एप्रिल 1861 ही आयर्लंडच्या जनगणनेची रात्र होती. सोमवार, 8 एप्रिल या दिवशी कोर्टाचे हुकूम बजावणाऱ्या शेरीफचा माणूस दोनेकशे पोलिसांसह आणि पहारी घेतलेल्या मजुरांसह डेरीव्हेत शिरला. म्हणजे सरकारनं या माणसांना रात्री त्यांच्या घरात मोजलं आणि सकाळी घराबाहेर काढलं. त्या गणनेचे घरोघरचे कागद सरकारनं पुढे स्वतःच नष्ट केले. कोणत्या चुलीपाशी कोण कोण बसलं होतं, वय काय, वाचता येत होतं का, हे एका रात्रीपुरतं लिहिलं गेलं आणि पुसलं गेलं. ते कागद राहिले असते तर, असं मला वारंवार वाटतं. 

पहिलं घर लॉख बॅराजवळ एका विधवेचं, पोरंबाळं असलेलं. तीन दिवस हे चाललं. 47 कुटुंबं, 244 माणसं, त्यांतली 159 मुलं. साडेअकरा हजार एकरांचा पट्टा मोकळा झाला. छप्पर आधी उतरवत, मग भिंती. रात्री कुणी परत येऊन निजू नये म्हणून. त्या वेळच्या वार्ताहरानं लिहून ठेवलंय, की ऐंशीच्या घरातला एक म्हातारा घर सोडताना दाराच्या चौकटीचे मुके घेत होता. हे वाचलं आणि तो गुळगुळीत चिरा माझ्या तळपायाला पुन्हा लागला. तेच घर असेल असं मी म्हणत नाही. चौकट लाकडाची असते, ती केव्हाच कुजली. चिरा राहतो.

काही लेटरकेनीच्या वर्कहाउसमध्ये गेले, म्हणजे निराधारांच्या कोंडीत. काही नातेवाइकांकडे, काही दगडांच्या आडोशाला. ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारले गेले. ताबा कायदेशीर होता, त्यामुळे बदललं काहीच नाही. मदत आली ती ऑस्ट्रेलियातून. तिथे आधी गेलेल्या डोनेगॉलकरांनी वर्गणी काढली आणि 1862 च्या सुरुवातीला डेरीव्हेची तरुण माणसं जहाजानं सिडनीकडे निघाली. म्हातारी मागे राहिली.

अडेअरनं 1867 मध्ये कॉर्नेलिया वॉड्सवर्थ रिची या अमेरिकी विधवेशी लग्न केलं आणि 1870 च्या सुमाराला तळ्याकाठचा तो वाडा बांधायला घेतला. पुढची गोष्ट वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. 1877 साली त्यानं टेक्सासमध्ये चार्ल्स गुडनाइटला पैसा पुरवून गुरांचं प्रचंड कुरण उभं केलं, पॅलो ड्युरो नावाच्या खोल दरीत. गुरांवर डाग उमटवला तो अडेअरच्या आद्याक्षरांचा, 'जेए'. भरात असताना या कुरणाखाली दहा लाखांहून जास्त एकर होते. आणि ती दरी रिकामी कशी मिळाली? 1874 च्या सप्टेंबरात अमेरिकी सैन्यानं तिथे छावणी करून राहिलेल्या कोमान्ची, कायोवा आणि शायान लोकांवर हल्ला केला, तंबू आणि हिवाळ्याची बेगमी जाळली, हजाराहून जास्त घोडे पकडून गोळ्या घातल्या. लोक आरक्षित मुलखात गेले. दोन वर्षांनी गुडनाइटची गुरं दरीत उतरली. एका माणसाच्या आयुष्यात अशा दोन दऱ्या आल्या.

अडेअर 1885 साली वारला. कॉर्नेलियाबद्दल मात्र इथली माणसं चांगलं बोलतात. कनवाळू होती, गरजूंना काम द्यायची. हरणं तिनंच आणली आणि डोंगराला मैलोगणती कुंपण घातलं. तिनं नवऱ्याची स्तुती एका मोठ्या खडकावर कोरून घेतली आणि वीज पडून तो खडक तळ्यात गेला, असं लोक सांगतात.

आता जे सांगायचं आहे ते. आयर्लंडमध्ये 1879 पासून जमिनीचा लढा पेटला. 1881 च्या कायद्यानं खंड ठरवायला न्यायालय आलं. 1903 च्या विंडहॅम कायद्यानं सरकार मालकाला पैसे देई आणि कूळ ते साडेअडुसष्ट वर्षांच्या हप्त्यांनी फेडून शेताचा धनी होई. हे काम पाहणारं लँड कमिशन 1999 पर्यंत होतं. माझ्या टाउनलँडमधली बहुतेक शेतं अशीच कुळांची झाली. डेरीव्हेत मात्र धनी व्हायला कूळच उरलं नव्हतं. म्हणून ती जमीन फुटली नाही, वाटली गेली नाही, अखंड राहिली. कॉर्नेलियाच्या मृत्यूनंतर 1929 साली आर्थर किंग्जली पोर्टर या हार्वर्डच्या प्राध्यापकाकडे गेली, 1937 साली फिलाडेल्फियाच्या हेन्री मॅकइलहेनीकडे. त्यानं बागा फुलवल्या, 1975 मध्ये जमीन सरकारला विकली आणि पुढे वाडा आणि बाग देशाला देऊन टाकली. राष्ट्रीय उद्यान झालं, कारण एवढी सलग जमीन एका हाती होती. आणि ती एका हाती होती, कारण 1861 च्या एप्रिलमध्ये तिच्यावरची माणसं काढली होती.

माझ्या आजोबांना कुळकायद्यात जमीन मिळाली. 1 एप्रिल 1957 या दिवशी कसत होते आणि नोंद होती, म्हणून. आमच्याच वाडीतल्या एका घराला आदल्या काही वर्षांत मालकानं उठवलं होतं. त्यांना काही मिळालं नाही. ती माणसं मुंबईला गेली आणि गणपतीला आली की आमच्या पडवीत उतरायची. आजी त्यांना पहिलं पान वाढायची, का ते मला लहानपणी कळत नसे.

उद्यानाबद्दल माझी तक्रार नाही. गरुड परत आले याचा मला मनापासून आनंद आहे, आणि ही दरी कुणा एकाची न राहता सगळ्यांची झाली हेही चांगलंच झालं. फक्त 'अनाघ्रात' हा शब्द आता माझ्या तोंडून निघत नाही. पाहुणे आले की मी त्यांना वाड्याआधी लॉख बॅराकडे नेते, आडवं ऊन पडायची वाट बघते.

गेल्या शरदात आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला घेऊन गेले. वय ऐंशीच्या पुढे, जमीन त्याच्या आजोबांनी लँड कमिशनच्या हप्त्यांत सोडवलेली. त्याच्या अकरा शेतांना अकरा नावं आहेत. विहिरीचं शेत, म्हातारीचं शेत, दगडांचं, वासरांचं, आणि एक नुसतंच 'पलीकडलं'. ही नावं कुठल्याच नकाशावर नाहीत, मैलाला सहा इंचांच्या नकाशावरही नाहीत. बापानं मुलाला गाई हाकताना सांगायची नावं ती. आम्ही त्या पडक्या भिंतीपाशी उभे राहिलो. मागच्या उतारावर वरंब्यांच्या रेघा हळूहळू वर येत होत्या. मी विचारलं, या शेताचं नाव काय असेल हो?

त्यानं टोपी काढली. बराच वेळ तो उतार पाहत होता, आपल्या शेतात नांगर घालायच्या आधी पाहतो तसा, कुठून सुरुवात करावी याचा अंदाज घेत.

"होतं," तो म्हणाला. "नाव होतंच याला."